कार्डिनल म्हणजे नेमकं कोण? दाराच्या खुंटातून निघालेली एक पदवी आणि मुंबईचे चार कार्डिनल

मे २०२५ मध्ये रोममधल्या एका चिमणीतून पांढरा धूर निघाला आणि तो व्हिडिओ आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या मोबाईलवरही फिरला. नवे पोप निवडले गेले होते. बंद दाराआड १३३ जणांनी मतदान केलं, त्यात चार भारतीय होते. मुंबईचा मात्र एकही नव्हता.

मुंबईत कार्डिनल नव्हते असं नाही. ऑस्वाल्ड ग्रेशियस होते, हयात होते, आधीच्या म्हणजे २०१३ च्या निवडणुकीत त्यांनी मतही दिलं होतं. पण २४ डिसेंबर २०२४ ला त्यांना ८० वर्षं पूर्ण झाली आणि २१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस वारले. नियम असा की पोपची जागा रिकामी होण्याच्या आधीच ज्याची ८० वर्षं भरली, त्याला मत नाही. चार महिन्यांनी मत हुकलं. आणि ग्रेशियस यांच्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ज्यांनी मुंबईची गादी सांभाळली ते जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप झाले होते, कार्डिनल नव्हे.

इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. खुर्ची तीच, मग पदवी का नाही मिळाली? आर्चबिशप मोठा की कार्डिनल? कार्डिनल म्हणजे भारताचा पोप का? मराठी बातम्यांतही ‘मुंबईचे कार्डिनल म्हणून नियुक्ती’ असं सर्रास छापलं जातं. बोलण्यात ते चालून जातं, पण तशी नियुक्ती नसतेच. मुंबईचा असतो तो आर्चबिशप. कार्डिनल असतो तो रोमचा. हे जरा उलगडून पाहायला हवं.

तलाठी ते कलेक्टर, असा हा जिना नाही

आपल्याकडे अधिकाऱ्यांची उतरंड सगळ्यांना पाठ असते. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. त्याच चालीवर लोक समजतात की फादर, मग बिशप, मग आर्चबिशप, मग कार्डिनल, आणि सगळ्यांत वर पोप. कॅथलिक चर्चमध्ये खरा दीक्षाविधी तीनच पायऱ्यांचा आहे. पहिली डीकन, म्हणजे सेवक. दुसरी धर्मगुरू, ज्यांना आपण फादर म्हणतो. तिसरी बिशप. बस्स. आर्चबिशप म्हणजे मोठ्या, महत्त्वाच्या धर्मप्रांताचा बिशप. पोप म्हणजे रोमचा बिशप. आणि कार्डिनल ही दीक्षा नव्हेच, तो पोपने दिलेला मान आणि त्याबरोबर आलेली एक जबाबदारी.

शब्दांचे अर्थ पाहिले तरी फरक कळतो. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, त्याचा अर्थ बाप. ‘फादर’ म्हणजेही बाप. ‘पोप’ हा शब्दसुद्धा ग्रीक-लॅटिनमधल्या बाबा या अर्थाच्या शब्दावरून आलेला. ‘बिशप’ ग्रीक आहे, अर्थ देखरेख करणारा. म्हणजे हे सगळे शब्द माणसाचं नातं किंवा काम सांगतात. ‘कार्डिनल’ मात्र सुतारकामातून आला.

लॅटिनमध्ये ‘कार्डो’ म्हणजे ज्याच्यावर दार फिरतं ती वस्तू. सोपं म्हणून त्याला बिजागरी म्हणतात, पण रोमन लोकांच्या दारांना आजच्यासारख्या पत्र्याच्या बिजागऱ्या सहसा नसत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचं किंवा मंदिराचं दार आठवा. फळीला वर आणि खाली एकेक खुंट असतो, तो चौकटीच्या आणि उंबऱ्याच्या खोबणीत बसतो आणि त्या खुंटावर अख्खं जड दार फिरतं. तो खुंट म्हणजे कार्डो. याच शब्दावरून इंग्रजीत मुख्य चार दिशांनाही कार्डिनल म्हणतात, कारण बाकीच्या दिशा त्यांच्यावरून ठरतात.

आता माणसाला खुंट का म्हणायचं? याची दोन उत्तरं दिली जातात आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. पहिलं उत्तर सुताराचं. एका लाकडाचं टोक दुसऱ्या लाकडाच्या खाचेत ठोकून बसवतात, तसं एका ठिकाणच्या धर्मगुरूला दुसऱ्या चर्चमध्ये पक्कं बसवणं. जुन्या चर्चच्या कागदपत्रांत बदली होऊन कायमचा नेमला गेलेला धर्मगुरू या अर्थानं हा शब्द येतो. अजूनही एखादा फादर कोणत्या धर्मप्रांताच्या पटावर आहे हे सांगायला कॅथलिक कायद्यात त्याच मुळाचा शब्द वापरतात. दुसरं उत्तर नंतरचं आहे आणि जास्त भारदस्त. अकराव्या शतकात, १०५४ च्या सुमारास, पोप लिओ नववे यांच्या पत्रात असा अर्थ लावलेला दिसतो की रोमचं पीठ हा खुंट, त्याच्यावर बाकी सगळं फिरतं, आणि त्या खुंटाला सर्वांत जवळ चिकटलेले धर्मगुरू ते कार्डिनल. लोकांना हे दुसरंच उत्तर आवडलं आणि तेच रूढ झालं. भाषेच्या अभ्यासकांचा कल पहिल्याकडे आहे. सुताराचं उत्तर खरं वाटतं, कारण ते साधं आहे, आणि कार्डिनलांचं पुढचं सगळं काम त्यातूनच समजतं.

राहतो लालबागला, नाव गावच्या यादीत

रोमच्या बिशपच्या हाताखाली सुरुवातीला तीन प्रकारची माणसं होती. शहरातल्या जुन्या चर्चचे धर्मगुरू, गोरगरिबांना धान्य-मदत वाटणारे डीकन, आणि आसपासच्या सात गावांचे बिशप. रोमचा बिशप वारला की नवा निवडताना यांचा आवाज मोठा असायचा, पण त्यात राजे, सरदार आणि शहरातली बडी घराणीही हात घालायची. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी ठरवून टाकलं की निवडीचा मुख्य हक्क या कार्डिनलांचा. ११७९ मध्ये दोनतृतीयांश मतांची अट आली, ती आजही आहे.

म्हणजे तर्क साधा आहे. पोप हा रोमचा बिशप. रोमचा बिशप रोमच्या धर्मगुरूंनी निवडायचा. पण पुढे चर्च जगभर पसरलं, मग मुंबई, मनिला, न्यूयॉर्कच्या माणसाला मत कसं द्यायचं? त्यावर तोडगा असा की प्रत्येक नव्या कार्डिनलला रोममधलं एक चर्च नावावर द्यायचं. तो तिथे राहत नाही, तिथला कारभार बघत नाही. पण कागदोपत्री तो त्या चर्चचा, म्हणजेच रोमचा धर्मगुरू होतो. म्हणून मत देतो.

हे परळ-लालबागच्या चाकरमान्यांना समजावून सांगावं लागणार नाही. गिरण्यांच्या काळात कोकणातून, घाटावरून माणसं आली. गावकीच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, पगार मुंबईत, पण नाव गावच्या यादीत. आजही ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मुंबईहून गाड्या भरून माणसं गावाला येतात, का तर मत गावात आहे. धोबीतलावला गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या ‘कुडी’ आहेत, त्याही अशाच, एकेका गावाच्या नावाच्या. कार्डिनलचं असंच असतं. पोट आणि काम मुंबईत, नाव रोमच्या एका चर्चच्या पटावर. निवडणूक लागली की विमानानं जायचं.

ऑस्वाल्ड ग्रेशियस यांच्या नावावर रोममधलं जे चर्च आहे ते कोर्विआले या उपनगरात आहे, क्रुसाचे संत पॉल यांच्या नावाचं. कोर्विआले प्रसिद्ध आहे ते तिथल्या सरकारी घरांच्या एका इमारतीमुळे. ती इमारत सलग जवळपास एक किलोमीटर लांब आहे. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पाहिलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटणार नाही. रोम म्हटलं की संगमरवर आणि सोन्याची वेलबुट्टी डोळ्यांसमोर येते, पण मुंबईच्या कार्डिनलच्या वाट्याला आली ती कामगार वस्ती.

मुंबईला आधी स्वतःचा आर्चबिशप तरी कुठे होता?

कार्डिनलपदाचं महत्त्व मुंबईला एवढं का वाटतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. दादरला गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ नावाचा बसस्टॉप आहे. चर्चचं खरं नाव तारणमाता, इंग्रजीत अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्रींनी ते उभारलं. आज दिसणारी इमारत १९७० च्या दशकातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. इमारत नवी झाली तरी नाव पोर्तुगीजच राहिलं.

त्या नावात जुना तंटा आहे. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून हक्क मिळाला होता की पूर्वेकडच्या देशांत बिशप कोण व्हावा ते राजानं सुचवायचं. पुढे मुंबई इंग्रजांची झाली, तरी राजा हक्क सोडेना. मग काही चर्च पोर्तुगीज हक्काखाली, काही रोमने थेट नेमलेल्या अधिकाऱ्यांखाली, असा दुहेरी कारभार एकाच शहरात अनेक वर्षं चालला. दोन गल्ल्यांतले कॅथलिक दोन वेगळ्या बिशपांचे. १९२८ मध्ये तडजोड झाली ती आज वाचताना हसू येईल अशी. मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज असेल, एकदा ब्रिटिश. आळीपाळीनं. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज जोआकिम लिमा आले, १९३७ मध्ये इंग्रज थॉमस रॉबर्ट्स आले. इथल्या माणसाची पाळी या करारात कुठेच नव्हती.

देश स्वतंत्र होताना रॉबर्ट्स यांनी एक चांगली गोष्ट केली. आपल्या हाताखालच्या व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावर कारभार सोपवून ते १९४६ पासून मुंबईबाहेरच राहू लागले. १९५० मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यातला तो जुना करार संपला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. आणि लगेच, १२ जानेवारी १९५३ ला, पोप पायस बारावे यांनी त्यांना कार्डिनल केलं. भारताचे पहिले कार्डिनल. ज्या शहरात चारशे वर्षांत इथल्या माणसाला आर्चबिशपची खुर्ची मिळाली नव्हती, तिथला माणूस तीन वर्षांत पोप निवडणाऱ्यांच्या यादीत गेला. मुंबईच्या कॅथलिकांना या लाल टोपीचं अप्रूप आहे ते यामुळे.

(दोन ग्रेशियसांची गल्लत करू नये. व्हॅलेरियन हे पहिले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९०० मध्ये कराचीत. ऑस्वाल्ड हे चौथे, जन्म १९४४ मध्ये माहीमचा. वसई तालुक्यात सांडोरला ‘कार्डिनल ग्रेशियस’ नावाचं हॉस्पिटल आहे, ते पहिल्यांच्या नावाचं.)

लाल रंग कशाचा?

कार्डिनलचे कपडे लाल भडक असतात. तो थाटाचा रंग वाटतो, पण त्याचा ठरलेला अर्थ रक्त असा आहे. श्रद्धेसाठी रक्त सांडायची वेळ आली तरी मागे हटणार नाही, असं वचन देताना टोपी डोक्यावर ठेवतात. १२४५ मध्ये पोप इनोसन्ट चौथे यांच्या काळात रुंद काठाची लाल टोपी देण्याची रीत सुरू झाली. अमेरिकेतल्या एका लाल पक्ष्यालाही कार्डिनल म्हणतात, ते या कपड्यांवरून.

हे वचन नुसतं बोलण्यापुरतं नसतं याचा दाखला ग्रेशियस यांच्या यादीतच होता. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी पोलंडचे स्टेफान विशिन्स्की यांनाही कार्डिनल केलं गेलं. तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं त्यांना टोपी घ्यायला रोमला जाण्यासाठी पासपोर्ट दिला नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटक केली. तीन वर्षं ते कैदेत होते. त्याच यादीत तिसरं एक नाव होतं इटलीच्या रोंकाली यांचं. पाच वर्षांनी तेच पोप जॉन तेविसावे झाले, आणि त्या निवडणुकीत मुंबईच्या ग्रेशियस यांनी मतदान केलं होतं.

पोप पायस यांनी ग्रेशियस यांना दिलेली ती लाल टोपी मुंबईत कुलाब्याला, रिगल सिनेमाच्या मागच्या बाजूच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलेली आहे. आर्चबिशपचं मुख्य चर्च हेच. जुनी रीत अशी होती की कार्डिनल वारला की त्याची टोपी चर्चच्या छताला, त्याच्या कबरीच्या वर टांगायची आणि ती काळानुसार झिजून, कुजून खाली पडेपर्यंत काढायची नाही. मान किती दिवसांचा, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये ही मोठी टोपी देणंच बंद केलं. त्यामुळे मुंबईच्या नंतरच्या तिघांना मिळाली ती छोटी चौकोनी टोपी आणि डोक्याच्या मागच्या भागावर बसणारी गोल टोपी.

हेच पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले होते. भारतात पाय ठेवणारे पहिले पोप. ओव्हल मैदानावर जागतिक युखरिस्त परिषद भरली होती आणि यजमान होते कार्डिनल ग्रेशियस. होली नेममध्ये त्या भेटीची आठवण म्हणून पोपनी दिलेली घंटा आहे. पुढे १९६६ मध्ये सरकारनं ग्रेशियस यांना पद्मविभूषण दिलं.

मुंबईचं मत किती वेळा पडलं?

आता हिशेब करून पाहू. भारताला पहिला कार्डिनल मिळाल्यापासून २०२५ पर्यंत पोपची निवडणूक सात वेळा झाली. १९५८, १९६३, १९७८ मध्ये दोनदा, २००५, २०१३ आणि २०२५.

पहिल्या दोन्ही वेळा व्हॅलेरियन ग्रेशियस गेले. ऑगस्ट १९७८ मध्ये पोप सहावे पॉल वारले तेव्हा ग्रेशियस आजारी होते, रोमला जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबरला त्यांचं मुंबईत निधन झालं. त्याच महिन्यात नवे पोपही अवघ्या ३३ दिवसांत वारले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक लागली. तेव्हा मुंबईला कार्डिनलच नव्हता.

त्यांच्या जागी आले सायमन पिमेंटा. मरोळचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या मूळ कॅथलिक समाजातले. ते आर्चबिशप झाले १९७८ मध्ये, पण कार्डिनल व्हायला जून १९८८ उजाडलं. दहा वर्षं मुंबईची खुर्ची लाल टोपीविना चालली. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे जुलै २०१३ पर्यंत, पंचवीस वर्षं ते कार्डिनल होते. पण मत? एकदाही नाही. १९७८ नंतर पोप बदलले २००५ मध्ये, आणि पिमेंटांची ८० वर्षं २००० सालीच पूर्ण झाली होती. पोप निवडणं हे ज्या पदवीचं सर्वांत मोठं काम, ते काम त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

तिसरे आयव्हन डायस, वांद्र्याचे. १९९६ मध्ये मुंबईला आले, २००१ मध्ये कार्डिनल झाले, २००५ मध्ये मत दिलं. २००६ मध्ये त्यांना रोमला बोलावून जगभरच्या मिशन कार्याच्या खात्याचं प्रमुख केलं. म्हणून मुंबईला ऑस्वाल्ड ग्रेशियस आले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, कार्डिनल झाले. २०१३ ला डायस आणि ग्रेशियस दोघांनीही मत दिलं. पिमेंटाही तेव्हा हयात होते. म्हणजे काही वर्षं मुंबईशी नातं असलेले तीन कार्डिनल एकाच वेळी होते. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी सल्ल्यासाठी जगभरातून आठ कार्डिनल निवडले, त्यात ग्रेशियस एक होते.

सात निवडणुकांत चार वेळा मुंबई हजर. या तारखांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते की खुर्ची आणि टोपी एकत्र येतच नाहीत. कधी तीन वर्षं, कधी दहा, कधी एक. कार्डिनल कोणाला करायचं ते फक्त पोप ठरवतो. मतदान नाही, सेवाज्येष्ठता नाही, कोणाला विचारण्याची सक्तीही नाही. पोपला वाटलं तर नाव जाहीर न करता मनातच ठेवून कार्डिनल करता येतं, त्याला लॅटिनमध्ये ‘छातीत ठेवणं’ अशा अर्थाचा शब्द आहे.

पोप फ्रान्सिस यांनी तर ठरलेल्या मोठ्या शहरांची सवयच मोडली. व्हेनिस आणि मिलान ही इटलीतली जुनी मानाची शहरं, तिथल्या आर्चबिशपना त्यांनी टोपी दिली नाही, आणि कधी नाव न ऐकलेल्या दूरच्या ठिकाणच्या बिशपना दिली. भारतातही तेच दिसलं. २०२५ च्या चार भारतीय मतदारांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव होते. हैदराबादचे अँथनी पूला होते, जे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस होते. आणि चौथे जॉर्ज कूवाकाड, जे पोपच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था बघणारे साधे धर्मगुरू होते आणि बिशपच्या खुर्चीवर कधी न बसता २०२४ मध्ये त्यांचं नाव थेट कार्डिनल म्हणून जाहीर झालं. मुंबईकरांना चुटपुट लागणं साहजिक आहे, पण पूला यांचं नाव त्या यादीत असणं ही त्याहून मोठी बातमी होती आणि आपल्याकडे ती कमीच सांगितली गेली.

कुलूप लावून निवडणूक का?

ज्या सभेत पोप निवडतात तिला कॉन्क्लेव्ह म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘किल्लीसकट’. यामागची गोष्ट गावकऱ्यांची आहे. १२६८ मध्ये इटलीतल्या व्हितेर्बो गावात पोप वारले. कार्डिनल निवडीसाठी बसले आणि जवळपास तीन वर्षं एकमत होईना. शेवटी लोक वैतागले. त्यांनी कार्डिनलांना वाड्यात कोंडलं, जेवण कमी केलं आणि तरी जमेना तेव्हा वाड्याचं छप्परच उतरवलं. मग १२७१ मध्ये पोप निवडले गेले. ते ग्रेगरी दहावे. त्यांनीच १२७४ मध्ये नियम केला की पुढे कुलूप लावूनच निवडायचं, आणि दिवस जातील तसं जेवण कमी करायचं.

आता जेवण कमी करत नाहीत. पण मोबाईल, पेपर, टीव्ही काही आत नेता येत नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचं, अक्षर ओळखू येणार नाही असं. मोजून झाल्यावर चिठ्ठ्या जाळतात. दोनतृतीयांश मतं पडली नसतील तर काळा धूर, पडली तर पांढरा. २०२५ मध्ये १३३ पैकी ८९ मतं लागत होती आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, पोप लिओ चौदावे निवडले गेले. ८० वर्षांची मर्यादा मात्र तशी नवी आहे, १९७० ची. ती पोप सहावे पॉल यांनीच घातली. ऐंशी ओलांडलेले कार्डिनल निवडणुकीआधीच्या बैठकांत बसू शकतात, बोलू शकतात. दाराला कुलूप लागायची वेळ आली की बाहेर.

गावात कोणी विचारलं तर

भारतातले सगळे ख्रिस्ती कार्डिनलांना मानतात का? नाही. कार्डिनल कॅथलिक चर्चमध्येच असतात. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडच्या अनेक गावांत जे प्रॉटेस्टंट मंडळींचे समाज आहेत, त्यांचा पोपशी किंवा कार्डिनलशी संबंध नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक हे त्याच परंपरेतले.

कार्डिनल बाकीच्या बिशपांचा साहेब असतो का? नाही. मुंबईचा कार्डिनल नाशिकच्या किंवा पुण्याच्या बिशपला हुकूम देऊ शकत नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात स्वतंत्र. वसई १९९८ पर्यंत मुंबईच्याच धर्मप्रांतात होती, त्यानंतर वेगळी झाली. तिथले फेलिक्स मच्याडो यांना लोक आर्चबिशप म्हणायचे, कारण ती पदवी त्यांना आधी नाशिकला असताना व्यक्तिशः मिळाली होती. वसईची खुर्ची बिशपचीच होती. हीदेखील पदवी आणि पद यांची तीच गंमत.

ऐंशीनंतर पदवी जाते का? जात नाही. मत जातं, नाव राहतं. म्हणून ऑस्वाल्ड ग्रेशियस आर्चबिशप नसले तरी कार्डिनल आहेतच. समोर भेटले तर इंग्रजीत ‘युअर एमिनन्स’ म्हणायची पद्धत आहे, ती १६३० मध्ये पोप अर्बन आठवे यांनी ठरवली. मराठीत कार्डिनल महोदय म्हटलं तरी चालतं.

आणि जुन्या कागदांवर, पाट्यांवर ‘व्हॅलेरियन कार्डिनल ग्रेशियस’ असं लिहिलेलं दिसलं तर ते वडिलांचं नाव समजू नये. आपल्याकडे नाव आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचं नाव येतं, तिथे कार्डिनल ही पदवी लिहायची जुनी रीत होती.